बर्फावरच्या जुन्या इंजिनांचे राखणदार

१९३४ च्या जानेवारीत कॅनडातील क्वेबेक प्रांतात, वाल्कूर या लहानशा गावी, एका यंत्रकाराचे दोन वर्षांचे बालक पोटातील संसर्गाने दगावले. आजार असाध्य नव्हता. रुग्णालय गाठणे असाध्य होते. सगळे रस्ते बर्फाखाली गडप झालेले. पिता जोसेफ-आर्मां बोंबार्डिए याच्या कार्यशाळेत बर्फावर चालू शकेल अशा वाहनाचा नमुना होता, परंतु तो चालण्याच्या स्थितीत नव्हता. पुढील तीन वर्षांत त्याने दातेरी चाक आणि फिरता पट्टा यांची जोडणी सिद्ध केली, १९३७ मध्ये तिचे स्वामित्वहक्क मिळवले आणि डॉक्टर, टपाल व शाळकरी मुले यांना हिमातून नेणारी मोठी वाहने बनवण्यास आरंभ केला. १९५९ मध्ये त्याच कारखान्यातून एक-दोन माणसांचे हलके वाहन बाहेर पडले. त्याचे नाव ‘स्की-डॉग’ ठरले होते, छपाईच्या चुकीने ते ‘स्की-डू’ झाले, असे सांगतात.

उत्तर अमेरिकेत आज स्नोमोबाइल म्हटले की मुख्यतः करमणूक व शर्यत डोळ्यांसमोर येते. तिच्या मुळाशी एका बापाचे दुःख आहे, हे विसरले जाते. या लेखाचा विषय मात्र वाहन नसून त्याच्या पोटातले इंजिन आहे. तेही शर्यतीसाठी बनलेले, पन्नासएक वर्षांपूर्वीचे आणि आता शोधूनही न सापडणारे. अमेरिकेतील मिनेसोटा व विस्कॉन्सिन आणि कॅनडातील क्वेबेक व ओंटारियो या भागांत अशी इंजिने जमवून पुन्हा जिवंत करणारे लोक आहेत. त्यांचा हा छंद आपल्यासारख्या व्यापारी घरांतील वाचकांना वाटतो तितका परका नाही. ज्याच्या घरी एकेकाळी बजाजची टू-स्ट्रोक स्कूटर होती आणि पंपावर पेट्रोलमध्ये मापाने तेल ओतून घेतल्याशिवाय जिचा प्रवास होत नसे, त्याने या इंजिनाचे सख्खे भावंड पाहिलेले आहे. तरुणांची लाडकी आरएक्स १०० मोटारसायकल जिच्या नावाची, त्या जपानी यामाहा कंपनीने १९६८ पासून स्नोमोबाइल बनवल्या आणि त्यांच्या शर्यतीही गाजवल्या.

शर्यतींना खरा रंग चढला तो १९६४ नंतर. त्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधील ईगल रिव्हर येथे पहिली स्पर्धा झाली. पुढे ती जागतिक विजेतेपदाची म्हणून मान्यता पावली. पाणी ओतून गोठवलेल्या लंबवर्तुळाकार धावपट्टीवर वाहने ताशी शंभर मैलांच्या आसपास जातात. १९७० साली तेथे क्वेबेकचा मोटारसायकलपटू इव्हों द्युहामेल जिंकला. १९७४ साली जिंकला झील व्हिलनव्ह, जो तीनच वर्षांनी फॉर्म्युला वनमध्ये फेरारीचा चालक झाला. पुढच्या वाहनांनी उडवलेल्या बर्फाच्या धुरळ्यात काही दिसत नसताना वेगाने जाण्याची सवय आपल्याला पावसातल्या शर्यतीत उपयोगी पडली, असे तो सांगत असे.

तो काळ भरभराटीचा होता. १९७० च्या सुमारास शंभराहून अधिक उत्पादक या धंद्यात उतरले होते आणि १९७१ च्या आगेमागे वर्षाला जवळपास पाच लाख वाहने खपत होती. बहुतेकांची इंजिने स्वतःची नसत. स्की-डूसाठी ती ऑस्ट्रियातील रोटॅक्स येथून येत. ही कंपनी बोंबार्डिए समूहाने १९७० मध्ये विकतच घेतली. पोलॅरिससाठी जपानची फुजी, आर्क्टिक कॅटसाठी कावासाकी, इतरांसाठी जर्मनीची हिर्थ आणि झाक्स. मग बर्फ कमी पडलेले हिवाळे आले, १९७३ ची इंधनटंचाई आली, आणि दहा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच उत्पादक उरले. ज्यांनी बाजाराची तेजी आणि त्यानंतरचा शुकशुकाट पाहिला आहे, त्यांना हा आलेख समजावून सांगण्याची गरज नाही. कारखाने बुडाले तेव्हा नकाशे, साचे आणि सुट्या भागांच्या याद्याही भंगारात गेल्या. आजच्या संग्राहकांची निम्मी अडचण तेथून सुरू होते.

दुर्मीळतेचे दुसरे कारण शर्यतीच्या स्वभावातच आहे. शर्यतीचे इंजिन मुळातच थोडक्या संख्येने बने. विकत घेणारा ते उघडी, कानस लावी, छिद्रांचे आकार बदली, एका हंगामात त्याचा जीव काढी. पुढच्या वर्षी नवे मॉडेल आले की जुने कोठारात फेकून देई. त्या काळातील ‘फ्री-एअर’ प्रकार तर याचा कळस. साध्या इंजिनाला थंड ठेवण्यास पंखा असतो आणि पंखा फिरवण्यात थोडी शक्ती खर्च होते. शर्यतवाल्यांनी पंखाच काढून टाकला: धावताना समोरून येणारी गार हवा पुरेशी आहे. हिशेब बरोबर होता, पण आरंभरेषेवर दोन मिनिटे जास्त थांबावे लागले की इंजिन तापून जाई. अशी धडधाकट इंजिने किती उरणार?

जे उरले ते बहुधा शेतावरच्या कोठारात सापडते. एक्झॉस्टच्या नळ्यांत उंदरांनी घरटी केलेली असतात (ती हलक्या हाताने काढावीत, एवढे येथे सुचवतो), मॅग्नेशियमच्या आवरणावर पांढरी भुकटी धरलेली असते आणि पिस्टन सिलिंडरला चिकटलेला असतो. येथे घाई करणारा हरतो. जंग सोडवणारे तेल सिलिंडरमध्ये ओतून दिवस, कधी आठवडेही, वाट पाहावी लागते. थोडी ऊब, थोडा हलका दाब, पुन्हा थांबणे. हातोडा उचलणाऱ्याच्या हाती मोडकी रिंग आणि वाकलेला कनेक्टिंग रॉड येतो, आणि त्या रॉडला बदली सगळ्या खंडात मिळत नाही.

खरी परीक्षा क्रँकशाफ्टची. या इंजिनांचा क्रँक अखंड नसतो. अनेक तुकडे दाबून बसवलेले असतात, म्हणून बेअरिंग बदलायचे तर सगळा क्रँक उकलावा लागतो आणि पुन्हा जोडताना प्रत्येक तुकडा सरळ रेषेत आणावा लागतो. व्ही आकाराच्या ठोकळ्यांवर तो ठेवून फिरवतात, सूचक काट्याने वाकडेपणा मोजतात, पितळी हातोड्याचा एक ठोका देतात, पुन्हा मोजतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या दोन-तीन पट, एवढीच चूक क्षम्य. हे काम नेमके करणारे हात आता वृद्ध झाले आहेत. यंत्र विकत मिळते. कुठे आणि किती जोराने ठोका द्यायचा हे कुणाजवळ तरी उभे राहूनच शिकावे लागते. अडत्याच्या पेढीवर धान्य मुठीत घेऊन त्याची जात सांगणाऱ्या मुनीमाची विद्या अशीच होती, आणि ती कोणत्या वहीत उतरलेली नाही, हे आपण जाणतो.

त्यानंतर रबरी सीलची पाळी. पन्नास वर्षांत रबर दगडासारखे होते. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, तेल आणि हवा यांचे मिश्रण क्रँकच्या पेटीतूनच जात असल्याने सीलमधून हवा शिरली की मिश्रण विरळ होते, ज्वलन तापते आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडते. म्हणून जाणते लोक इंजिन सुरू करण्याआधी सगळी तोंडे बंद करून आत सहा-सात पौंड दाबाची हवा भरतात आणि काटा खाली येतो का पाहत बसतात. चार-पाच मिनिटांची ही तपासणी टाळणारे पुष्कळ. त्यांची रडकथाही एकाच प्रकारची.

तेलाचा प्रसंग तर आपल्या बाजारपेठेपर्यंत येतो. जुन्या शर्यतवाल्यांना प्रिय ते एरंडेल. जगातील एरंडीचे सर्वांत मोठे उत्पादन भारतात, त्यातही गुजरातेत होते. कॅस्ट्रॉल हे सुप्रसिद्ध नावदेखील एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच आले. अतिउष्णतेतही धातूवर चिकटून राहण्याचा एरंडेलाचा गुण शर्यतीत मोलाचा. पण त्याचे अवगुणही त्याच चिकटपणातून येतात: ते जळून रिंगांच्या खाचांत राळेसारखे बसते आणि कडक थंडीत पेट्रोलमध्ये नीट मिसळून राहत नाही, वेगळे होऊ पाहते. उणे वीस अंशांच्या देशात हा दोष लहान नव्हे. तरीही त्या किंचित गोडसर धुराचा वास आला की साठीचे गृहस्थ धावपट्टीच्या कुंपणापाशी येऊन उभे राहतात.

आता प्रश्न येतो सचोटीचा, आणि या छंदात मला सर्वांत महत्त्वाचा तोच वाटतो. इंजिन दुर्मीळ झाले की त्याची किंमत वाढते. किंमत वाढली की नक्कल जन्मते. साध्या इंजिनाच्या आवरणावर शर्यतीच्या मॉडेलचा क्रमांक ठोकणे अवघड नाही. नव्याने ओतलेला भाग जुना भासवता येतो. पन्नास वर्षे खोक्यात बंद राहिलेला मूळ कारखान्याचा पिस्टन, ज्याला आपण कोरा माल म्हणू, आणि कालपरवा बनवलेला पिस्टन यांत अनुभवी डोळ्यालाही कधी फसगत होते. आपल्या शास्त्रकारांनी अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे: खऱ्याच्या जागी त्याच्यासारखे दिसणारे खपवणे. बदली भाग घालणे हा दोष नव्हे. ते न सांगणे हा दोष. चांगले संग्राहक म्हणूनच प्रत्येक इंजिनाची वही ठेवतात: कोणाकडून आले, उघडले तेव्हा आत काय होते, काय बदलले, काय मूळ आहे, उघडण्यापूर्वीची छायाचित्रे. या वहीला बाजारात इंजिनाइतकाच मान असतो, आणि असावा.

परिग्रहाचा आक्षेप येथे कोणी घेईल, आणि तो पोकळ नाही. फळीवर चाळीस इंजिने आणि एकही चालत नाही, असे संग्रह आहेत. सुट्या भागांचे ढीग स्वतःकडे दाबून ठेवून इतरांची कामे अडवणारेही आहेत. ज्यांनी परिग्रहाचे परिमाण ठरवून घेतले आहे त्यांना यातला फरक लगेच ओळखू येईल. काही जण स्वतःपुरती मर्यादा घालतात: एकाच कंपनीची, एकाच वर्गाची, उदाहरणार्थ ३४० किंवा ४४० घनसेंटिमीटरचीच इंजिने ठेवायची आणि बाकीचे भाग ज्याला हवे त्याला द्यायचे. विस्कॉन्सिनमधील सेंट जर्मेन येथे स्नोमोबाइल शर्यतींचे संग्रहालय आहे, वाल्कूरला बोंबार्डिएचे आहे. सर्वांना पाहता यावे म्हणून वस्तू तेथे देणे हाही एक मार्ग.

मात्र संग्रहालयातही एक पेच सुटत नाही. चालवले तर इंजिन झिजते, आणि त्याचा झिजलेला भाग पुन्हा मिळणार नाही. न चालवले तर सील सुकतात, बेअरिंगवर दमट हवेचा गंज चढतो आणि ते जागच्या जागी मरते. माझे मत चालवण्याच्या बाजूने आहे, पण वर्षातून थोडेच. ईगल रिव्हर येथे जानेवारीत जुन्या वाहनांच्या शर्यतीही होतात. अनेकांसाठी तोच तो दिवस.

संध्याकाळी शर्यत आटोपली की तंबूत शेवटचे काम उरते. इंजिन चालू असतानाच कार्ब्युरेटरच्या तोंडातून आत तेलाचा फवारा सोडतात. आवाज जड होत जातो, दाट पांढरा धूर निघतो आणि इंजिन गुदमरून थांबते. आतल्या प्रत्येक भागावर आता तेलाचा पातळ थर आहे. मग तोंडे चिंधीने बंद करून, वहीत तारीख आणि चालल्याची मिनिटे टिपून, ते पुढच्या जानेवारीपर्यंत फळीवर जाते.