शेतालाही नाव असते

मुंबईला गेलात तर बोरिवली पूर्वेला ‘मागाठाणे’ नावाचे मेट्रो स्थानक लागेल. भोवती उंच इमारती. नांगराचा मागमूस नाही. पण जवळच कान्हेरीच्या लेण्यांत सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा, यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला शिलालेख आहे. कल्याणच्या एका उपासकाने मंगलठाण गावातले शेत भिक्षूंना दान दिले, असे त्यात कोरले आहे. ते मंगलठाण म्हणजेच हे मागाठाणे, असे जाणकार मानतात. मधे पोर्तुगीज आले, इंग्रज आले. आज तिथे मराठीबरोबर गुजराती, हिंदी बोलणारेही राहतात. नाव थोडे झिजले, पण सगळ्यांच्या तोंडी तेच आहे.

पलीकडच्या गोरेगावात ‘पहाडी’ गाव होते. नव्या रहिवाशाला ते ठाऊक नसते; त्याच्या घराच्या कागदावर मात्र ‘मौजे पहाडी गोरेगाव’ असते. कागदाने नाव राखले!

आपल्या शेतांचे काय? आम्ही शेतकी खात्याची माणसे गट नंबर विचारतो. आजी म्हणते, ‘चोपणातलं’. माती तपासण्याआधीच तिने अर्धा निकाल सांगितलेला असतो. शेत विकले, वाटण्या झाल्या, की हे नाव आधी जाते.

सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना आहे. पुष्कळांचा कोराच असतो. यंदा उतारा काढाल तेव्हा तो पाहा. कोरा असेल तर वडीलधाऱ्यांना विचारून नाव वहीत उतरवा आणि नोंदीसाठी चावडीवर चौकशी करा.