जुना ट्रॅक्टर घेण्यापूर्वी इंजिनातील दाबाची पारख

सातारा व सांगली जिल्ह्यांत उसाचा गळीत हंगाम संपत आला, की वाहतुकीस लावलेल्या ट्रॅक्टरांपैकी काही विक्रीस निघतात. दोन-दोन ट्रेलर ओढून, धुळीच्या रस्त्यांवर हंगाम काढलेल्या यंत्राला नवा रंग दिला जातो आणि घेणारा शेतकरी बहुधा त्या रंगालाच भुलतो. इंजिन आतून झिजलेले निघाल्यास ते उतरवून पुन्हा बांधण्याचा खर्च पुढील उसाच्या बिलातून भागवावा लागतो. इंजिन न उघडता त्याची अंतःस्थिती जाणण्याचा खात्रीलायक मार्ग म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजणे होय.

डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. पिस्टन हवेला दाबून मूळ जागेच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या हिश्शात आणतो. त्यामुळे ती पाचशे अंश सेंटिग्रेडहूनही अधिक तापते व तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले, की हवा निसटते व उष्णता अपुरी पडते. सकाळी इंजिन सुरू होण्यास वेळ लागणे व पांढरा धूर निघणे, ही त्याचीच लक्षणे असू शकतात. सातारा रोड येथील कूपर कारखान्याची किंवा १९४६ साली पुण्यास स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने ज्यांनी विहिरीवर चालविली, त्यांना हँडल मारतानाच चाक किती जोराने अडते यावरून दाबाचा अंदाज येत असे. ट्रॅक्टरच्या तीन-चार सिलिंडरांपैकी कोणता अधू आहे, हे मात्र हाताला कळत नाही. तेथे दाबमापकच हवा.

इंजिन प्रथम पूर्ण थंड असताना सुरू करवून पाहावे. आपण पोहोचण्यापूर्वीच ते तापविलेले असल्यास शंका घेण्यास जागा आहे. त्यानंतर ते चांगले तापू द्यावे, बंद करावे व डिझेलचा पुरवठा तोडावा. माहीतगार मेकॅनिककडून इंजेक्टर काढवून त्या जागी मापक बसवावा आणि पूर्ण भारित बॅटरीवर स्टार्टर फिरवावा. बॅटरी मंद असेल, तर निरोगी इंजिनही रोगी ठरते. फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. डिझेलची धार कातडीत शिरते.

सुस्थितीतील इंजिनात हा दाब बहुधा दर चौरस सेंटिमीटरला २५ ते ३० किलोग्रॅमच्या आसपास भरतो. निश्चित आकडा त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा. आमच्या मते एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील परस्पर अंतर अधिक बोलके असते. सर्व सिलिंडर थोडे थोडे उतरले असतील, तर ती वयाची झीज होय. एकच बराच खाली असेल, तर तेथे विशिष्ट बिघाड आहे. मात्र टॅपेटचे अंतर चुकले असले तरी दाब कमी दिसतो, म्हणून आधी ते तपासावे. केवळ एवढ्या कारणावरून रिंगा बदलण्याच्या खर्चात पडू नये.

पेट्रोल इंजिनात चमचाभर तेल सोडून दाब पुन्हा मोजण्याची रीत आहे. डिझेल इंजिनात ती वापरू नये. तेथे पिस्टनच्या वर जागा इतकी थोडी असते, की तेलानेच आकडा फुगतो व प्रसंगी इंजिनास इजा होते. त्याऐवजी पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरावी व कान द्यावा. गियर किंवा हँडलजवळ त्या वेळी कोणी उभे राहू नये, कारण हवेने इंजिन फिरू शकते. एअर क्लीनरकडून फुसफुस आली, तर आत येणाऱ्या हवेचा व्हॉल्व्ह गळतो. धुराड्यातून आली, तर धूर सोडणारा. तेल भरण्याच्या तोंडातून जोराचा वारा आला, तर रिंगा व लायनर संशयास्पद. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले, तर हेड गॅस्केट अथवा हेडलाच तडा.

काळा धूर पाहून इंजिन मोडीत काढण्याची घाई करू नये. धुळीने चोंदलेला एअर क्लीनर हेही त्याचे कारण असते. निळा धूर मात्र तेल जळत असल्याचे सांगतो. मोजलेले आकडे सिलिंडरच्या क्रमाने लिहून, त्यावर विकणाऱ्याची सही घेऊन मगच किमतीची बोलणी सुरू करावी.