रंग केसावर की केसात?

ऑस्ट्रेलियात दरवर्षी मार्च महिन्याच्या सुमारास शाळांमध्ये आणि कचेऱ्यांमध्ये निळ्या, गुलाबी, हिरव्या केसांची माणसे दिसू लागतात. 'वर्ल्ड्स ग्रेटेस्ट शेव्ह' हा त्यामागचा उपक्रम. ल्युकेमिया फाउंडेशन ही संस्था १९९८ पासून तो चालवते. भाग घेणारा डोके भादरतो, केस कापतो किंवा रंगवतो आणि त्यानिमित्ताने नातेवाईक, शेजारी व सहकाऱ्यांकडून देणग्या गोळा करतो. हा पैसा रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या मदतीसाठी आणि संशोधनासाठी जातो. केसांचीच निवड होण्याला कारण आहे. केमोथेरपीची औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. केसांच्या मुळांतल्या पेशीही तशाच भराभर विभागत असल्याने त्या मारल्या जातात आणि रुग्णाचे केस गळतात. रुग्णाने नाइलाजाने गमावलेले केस निरोगी माणूस आपखुशीने पणाला लावतो, म्हणून हा उपक्रम मनाला भिडतो.

डोके भादरण्याची तयारी नसलेले रंगाकडे वळतात. हा रंग बऱ्याचदा घरीच लावला जातो, आणि तो नेमका कुठे जाऊन बसतो यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

त्वचेबाहेर आलेला केस मृत पेशींचा बनलेला असतो. तो केराटिन या प्रथिनाचा तंतू आहे. त्याच्या पृष्ठभागावर कौलारू छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले पातळ खवले असतात. हे आवरण म्हणजे क्युटिकल. त्याच्या आतला जाड भाग कॉर्टेक्स, आणि केसाला रंग देणारे मेलॅनिनचे कण मुख्यतः तिथे असतात. युमेलॅनिनमुळे काळा-तपकिरी रंग येतो, फिओमेलॅनिनमुळे तांबूस-पिवळा.

फवाऱ्याचे रंग, केसांचे खडू आणि रंगीत जेल यांतले रंगकण खवल्यांच्या आत शिरत नाहीत. ते वरच चिकटून राहतात आणि साधारणपणे एकदोनदा न्हाल्यावर निघून जातात. त्यापुढची पायरी काही आठवडे टिकणाऱ्या रंगांची. भडक गुलाबी, जांभळे, निळे रंग बहुधा याच प्रकारचे असतात. त्यांतल्या बऱ्याच रंगांचे रेणू धनभारित असतात आणि केसाच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, त्यामुळे ते केसाला धरून राहतात. ब्लीच केलेल्या किंवा उन्हाने खराब झालेल्या केसांवर हा ऋणभार आणखी वाढलेला असतो आणि खवलेही झिजलेले असतात. म्हणून एकच रंग एकाच्या डोक्यावरून चार धुण्यांत उतरतो, तर दुसऱ्याच्या केसांची टोके महिनाभर गुलाबी राहतात.

कायमच्या रंगाची गोष्ट अगदी निराळी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ यूजेन श्युलेर यांनी १९०७ मध्ये कृत्रिम केशरंग तयार केला. दोन वर्षांनी त्यांनी काढलेली कंपनी पुढे लोरेआल या नावाने जगभर पोचली. आजच्या कायमच्या रंगात अमोनियासारखा अल्कधर्मी पदार्थ केस फुगवून खवले सैल करतो. पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजेच पीपीडी, किंवा त्याच्या जातीचे लहान, रंगहीन रेणू आत शिरतात. हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे त्यांचे ऑक्सिडीकरण होते, ते एकमेकांशी जोडले जातात आणि मोठा रंगीत रेणू तयार होतो. आत आलेल्या वाटेने तो पुन्हा सहज बाहेर पडू शकत नाही. मूळ रंगाचा केस मग नव्याने वाढूनच येतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या गतीने.

भारतीय केसांपुढे वेगळाच प्रश्न उभा राहतो. मेलबर्न-सिडनीतल्या मराठी घरांतली मुलेही शाळेबरोबर अशा दिवसात सामील होतात, पण पारदर्शक गुलाबी रंग काळ्या केसावर दिसतच नाही, कारण मेलॅनिन जवळजवळ सगळा प्रकाश शोषून घेते. मग ब्लीचचा मोह होतो. ब्लीचमधली परसल्फेटची पूड आणि पेरॉक्साइड मेलॅनिन नष्ट करतात. काळेपणा आधी जातो आणि मागे नारिंगी-पिवळी छटा उरते. तिच्यावर निळा लावला तर हिरवट दिसतो. पेरॉक्साइडच्या बाटलीवरचा '२० व्हॉल्यूम' हा आकडा म्हणजे एक लिटर द्रावणातून वीस लिटर ऑक्सिजन, अर्थात सुमारे ६ टक्के तीव्रता. याच प्रक्रियेत केराटिनला बळकटी देणारे गंधकाचे बंधही तुटतात, आणि मेलेला केस स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी ही किंमत फार मोठी आहे. अपारदर्शक रंगकण असलेला फवारा काळ्या केसावरही उठून दिसतो, आणि तेवढे पुरेसे आहे.

पीपीडीची ॲलर्जी ही त्याहून गंभीर बाब. पहिल्यांदा काहीच झाले नाही म्हणून पुढच्या वेळी होणार नाही, असे नसते. एकदा शरीर या रसायनाला संवेदनशील झाले की ती संवेदनशीलता बहुधा जन्मभर राहते. 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांतही अनेकदा पीपीडी असते. निव्वळ मेंदीतले लॉसोन केराटिनला चिकटते आणि फक्त तांबूस रंग देते. युरोपीय संघात पीपीडीच्या केशरंगांवर ते १६ वर्षांखालील व्यक्तींसाठी नाहीत अशी सूचना छापावी लागते. भारतातही अशा रंगांच्या वेष्टनावर आधी त्वचेवर चाचणी घेण्याची आणि भुवया-पापण्यांना रंग न लावण्याची सूचना असते, कारण त्यामुळे अंधत्व येऊ शकते. ही चाचणी वेष्टनावरच्या सूचनेनुसार, सहसा ४८ तास आधी करायची असते.

कर्करोगाच्या मदतीसाठी केस रंगवताना रंगानेच कर्करोग होतो का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तनालयात रोज रंग हाताळण्याचे काम 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवले आहे. स्वतःच्या केसांना रंग लावण्याबाबत मात्र कोणताही निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असे तिचे वर्गीकरण सांगते.

फवाऱ्याच्या डब्यातला वायू बऱ्याचदा ज्वालाग्राही असतो. म्हणून गॅसची शेगडी, निरांजन किंवा सिगारेट जवळ असताना तो कधीही वापरू नये. मोकळ्या हवेत, डोळे व तोंड कापडाने झाकून, कोरड्या केसांवर फवारावा. कपाळावर आणि कानांमागे आधी व्हॅसलीन चोळले तर त्वचेवर डाग पडत नाहीत. कार्यक्रम संपल्यावर केस आधी कोरडेच विंचरून रंगाची पूड झाडावी आणि झोपण्यापूर्वी शॅम्पूने धुवावेत, नाहीतर उशीचा अभ्रा रंगतो.