इंजिन नवं, गाडी जुनी

नांदेडहून अर्धापूर, डोंगरकडा ओलांडून आलेला रस्ता वारंगा फाट्यावर फुटतो. एक वाट हदगाव-उमरखेडवरून यवतमाळकडे, दुसरी आखाडा बाळापूर-कळमनुरीवरून हिंगोलीकडे. बाहेरगावच्यांना हा फाटा ठाऊक आहे तो खिचडीसाठी. चालक खिचडी खायला उतरतो, बॉनेटखालून निघणारी वाफ त्याला तिथंच पहिल्यांदा दिसते आणि समोरच्या गॅरेजवाल्याचा दिवस सुरू होतो. गेल्या चाळीसएक वर्षांत या रस्त्यानं एकाच इंजिनाच्या, एकाच कंपनीच्या गाड्या पाहिल्या तशा ‘बनवलेल्या’ गाड्याही भरपूर पाहिल्या. सांगाडा एकाचा, इंजिन दुसऱ्याचं, गिअरबॉक्स तिसऱ्याचा. त्यांतल्या कितीतरींची इंजिनं गेली आणि दर वेळी दोष इंजिनाच्या माथी मारला गेला. माझं मत उलटं आहे. इंजिनं बहुधा चांगली होती, त्यांच्या भोवतालची गाडी त्यांच्या लायकीची नव्हती.

सुरुवात पेट्रोल जीपपासून करावी लागते. सरकारी लिलावातून सुटलेली जुनी जीप मोठ्या शेतकऱ्याच्या दारात यायची, पण तिचं २.२ लिटरचं हरिकेन इंजिन पेट्रोल पाण्यासारखं प्यायचं. डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा खूपच स्वस्त होतं. मग डिझेल इंजिन टाकायचं ठरे. महिंद्रानं स्वतःच आपल्या डिझेल जीपला इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरचं इंजिन दिलं होतं, त्यामुळे ट्रॅक्टरचं इंजिन जीपला चालतं यावर कुणाला शंका नव्हती. ज्याच्याकडे पैसा जास्त, तो मॅटाडोरचं इंजिन शोधायचा. बजाज टेम्पोच्या मॅटाडोरमधलं ओएम-६१६ हे मूळ मर्सिडीजचं, त्यामुळे त्याचा दबदबा मोठा.

गडबड व्हायची ती खाली, डिफरन्शियलच्या हाऊसिंगमध्ये. पेट्रोल जीपच्या डिफरन्शियलचं प्रमाण ५.३८ ला १, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्टनं पाच वेळांहून जास्त फिरायचं. पेट्रोल इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेऊ शके, तेव्हा टॉप गिअरमध्ये जीप ताशी शंभरच्या आसपास जाई. ट्रॅक्टरचं इंजिन दोन हजारांच्या आतबाहेरच थकतं. त्याच डिफरन्शियलवर ते बसवलं की गाडी पन्नासच्या पुढे सरकत नाही. हे गणित कागदावर पाच मिनिटांचं, पण इंजिन विकत घेण्याआधी ते कुणी मांडायचं नाही. गाडी पळत नाही म्हटल्यावर मालक डिझेल-पंप दुरुस्त करणाऱ्याकडे जायचा, इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचं सील तोडून स्क्रू फिरवून घ्यायचा आणि खूश होऊन परतायचा. मग एखाद्या दिवशी कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर. डिफरन्शियल बदलायचे पैसे वाचवले, त्यापायी अख्खं इंजिन भंगारात.

नव्वदच्या दशकात काळी-पिवळीचं राज्य आलं. कमांडर जीप, आत किती बसले ते मोजायचं नाही, टपावर पोती. या गाड्यांची इंजिनं कंपनीचीच असत, पण दोन-तीन वर्षांत ती उघडली जात. त्यामागचा मोठा आजार होता तो रॉकेलचा. रेशनचं निळं रॉकेल डिझेलमध्ये मिसळलं की लिटरमागे पैसे सुटायचे. पंपाच्या प्लंजरला वेगळं वंगण नसतं, डिझेल हेच त्याचं वंगण. रॉकेल पातळ. प्लंजर घासतात, नोझल फवारा सोडून धार मारू लागतात आणि त्या धारेखाली पिस्टनचा माथा जळतो. आजूबाजूला हा धंदा किती फोफावला होता ते जानेवारी २०११ मध्ये महाराष्ट्राला कळलं. मनमाडजवळ भेसळीवर धाड घालायला गेलेल्या यशवंत सोनवणे या अपर जिल्हाधिकाऱ्यांना जिवंत जाळण्यात आलं.

पाण्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. हॉटेलच्या हंड्यात त्याचा पांढरा थर बसतो तसाच तो इंजिनाच्या वॉटर जॅकेटमध्येही बसतो. पेट्रोल जीपचा रेडिएटर तसाच ठेवून त्यामागे मोठं डिझेल इंजिन, वर मे महिन्याचं ऊन, त्यात दर थांब्यावर बादलीभर बोअरचं पाणी. हेड वाकतं, गॅसकेट फुटते, चेंबरमधलं ऑइल दुधाळ होतं. गॅसकेट काही शेकड्यांत येते. पण हेडला फेस मारून सपाट न करता नुसती तीच बदलून गाडी लाइनवर काढली की पंधरा दिवसांत पुन्हा तोच प्रकार.

मात्र सगळ्यात महाग चूक हातानं होते, आणि तीही इंजिन नवं करताना. क्रँक घासून येतो, त्याला साजेसं जाड, दहाचं बेअरिंग पडतं, लायनर, रिंग सगळं नवं. मिस्त्री क्रँक डिझेलनं धुतो, फडक्यानं पुसतो. क्रँकच्या आतून ऑइलसाठी तिरकी भोकं असतात. त्यांत घासणीची भुकटी अडकून राहते. ती भोकं ब्रश घालून, हवा मारून साफ करायला अर्धा तास लागतो. मालक मात्र बाकड्यावर बसून घड्याळ बघत असतो, कारण संध्याकाळी लग्नाचं वऱ्हाड आहे. गाडी सुरू होते, नारळ फुटतो. हदगावच्या दिशेनं काही किलोमीटर गेल्यावर खालून ठक-ठक येऊ लागते. ॲक्सिलरेटर सोडला की जास्त, दाबला की कमी. परत आल्यावर चेंबर खोलतात, तेव्हा काळ्या ऑइलमध्ये तांबूस चमक तरंगताना दिसते, बोटावर घेतली तर सोनेरी कणी. बेअरिंग गेलं. क्रँक पुन्हा लेथवर, या वेळी आणखी जाड, विसाचं बेअरिंग. क्रँक काही कायम घासता येत नाही, एका मर्यादेनंतर तो फक्त वजनावर विकला जातो.

याउलट सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार. भंगारातून त्यांनी घरासाठी गाडी बनवली, साधारण साठ हजारांत, किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिची दखल घेतली आणि पुढच्या महिन्यात बदल्यात बोलेरो दिली. त्या भंगारातल्या गाडीची लोकांनी गंमत म्हणून चर्चा केली, पण मला त्यात कारागिराचा हिशेब दिसतो: छोटं इंजिन, हलका सांगाडा, कुणावरच कुणाचा बोजा नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची ‘मीरा’ त्याहून मोठी गोष्ट. १९४९ मध्ये पहिला नमुना, मग पंचवीसएक वर्षं त्यात सुधारणा. सबंध गाडी एका डोक्यातून आलेली. ती अडली कारखाना उभा राहण्यापाशी, इंजिनापाशी नव्हे.

आता कायदाही आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधीपासून होतंच, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असं स्पष्ट सांगितलं. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. तरी हौस आटलेली नाही. २०१० मध्ये महिंद्राची थार आल्यापासून तर जुन्या एमएम-५४० जीपला पुन्हा भाव आला. पोरं आधी रुंद टायर घेतात, मग भोंगा, मग लाइटची पट्टी, आणि मग अपघातातल्या गाडीचं टर्बो इंजिन.

टर्बोनं नव्या चुका आणल्या. जुन्या टर्बोचं सील गेलं की इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण त्याला डिझेल लागतच नाही. जाणता मिस्त्री टॉप गिअर टाकून, ब्रेकवर उभा राहून क्लच सोडतो आणि इंजिन गुदमरवून बंद करतो. नवशिका बॉनेट उघडून बघत बसतो. कॉमन रेलचं त्याहून वेगळं. इंजिन चकाचक, आवाज नाही, धूर नाही, पण त्याचा मेंदू वेगळ्या डब्यात असतो आणि तो डबा मूळ गाडीच्या चावीलाच ओळखतो. इंजिन आणलं, माउंटिंग वेल्ड करून बसवलं, स्टार्टर फिरतोय, गाडी काही सुरू होत नाही. भंगारवाल्याला फोन लावला तर तो म्हणतो, वायरिंग आणि डबा पाहिजे होता तर तेव्हाच सांगायचं, ते मी दुसऱ्याला दिलं.