घर केवढं, चित्र केवढं!

मुलांनो, जव्हारच्या जयविलास राजवाड्याचं चित्र काढा म्हटलं, तर तुम्ही काय कराल? पानभर राजवाडाच काढाल ना? दारं, खिडक्या, गच्ची... आणि जागा उरलीच, तर कोपऱ्यात एखादं झाड!

इंग्लंडमधल्या जॉन कॉन्स्टेबल (१७७६-१८३७) या चित्रकारानं मात्र उलटं केलं. १८१६ साली त्यानं रिबो नावाच्या सेनाधिकाऱ्याच्या वाड्याचं चित्र काढलं. चित्राचं नाव ‘विव्हनहो पार्क’. पण त्यात वाडा शोधावा लागतो, बरं का! समोर तळं, काठावर चरणाऱ्या गाई, पाण्यात हंस, वर ढगांनी भरलेलं आभाळ आणि दूर झाडांमागून डोकावणारा लालसर वाडा. त्या काळच्या कितीतरी चित्रकारांना निसर्गाचं असंच वेड होतं.

गंमत पुढंच आहे. मालकांना चित्रात आणखीही काही हवं होतं. गाढवाच्या गाडीत बसलेली त्यांची लेक हवी आणि लांबवरचं हरणांचं घरही हवं! एवढं सगळं कापडात मावेना. मग कॉन्स्टेबलनं दोन्ही बाजूंना कापडाच्या पट्ट्या जोडल्या. म्हणून हे चित्र उंचीला ५६ सेंटिमीटर, तर रुंदीला तब्बल १०१ सेंटिमीटर आहे. आज ते अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

याच चित्रात होडीतून जाळं ओढणारी माणसंही आहेत. अगदी चिमुकली. ती कोण, त्यांची घरं कुठं, हे काही चित्र सांगत नाही. पट्ट्या जोडल्या त्या मालकाच्या लेकीसाठी!

आता आपल्या पाड्यावर या. इथं चित्रात घर येण्याआधी घरावरच चित्र आलं. कारवीच्या कुडाची भिंत, त्यावर शेणमाती आणि गेरू, अन् तांदळाच्या पिठानं सवाशिणींनी काढलेला लग्नाचा चौक. ही वारली कला भिंतीवरून कागदावर, कापडावर आली आणि जगभर पोचली. तिला नाव मिळवून देणारे आपल्याच जिल्ह्यातले जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८). २०११ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. त्यांनीही मासे पकडायचं जाळं काढलं, पण कसं? चित्रभर! कॉन्स्टेबलच्या चित्रातलं एवढंसं जाळं इथं सगळी जागा व्यापून बसतं.

म्हणजे बघा, चित्रात कोणाला किती जागा द्यायची, हे काढणारा आणि काढून घेणारा ठरवतो.

मग या रविवारी तुम्ही ठरवा. आपल्या घराचं चित्र काढा. विहिरीवरून हंडा आणणारी आई, बांधावरची आजी, शेळ्या, आंबा, सगळे येऊ द्या. दिवाळीनंतर कामासाठी भिवंडी-वसईकडे गेलेलं कुणी असेल, तर त्यांनाही अंगणात उभं करा. कागद पुरला नाही? खळ लावून दुसरा जोडा. कॉन्स्टेबलनं तरी दुसरं काय केलं होतं?

आणि पालकांनो, ते चित्र भिंतीवर लावायला विसरू नका हं!