परसातील अवजारांची शेड : आराखड्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

परसबागेत फावडी, खुरपी, पाण्याच्या नळ्या, कुंड्या आणि खताची पोती ठेवण्यासाठी जी लहान शेड उभारली जाते तिचा आराखडा निवडणे म्हणजे तयार चित्रांपैकी मनाला भावेल ते उचलणे, अशी समजूत सर्रास आढळते. परदेशी नकाशे दिसायला सुबक असतात आणि आपापल्या देशांत ते उपयुक्तही ठरतात. परंतु त्यांतील पायाची खोली बहुधा जमिनीत पाणी गोठते हे धरून ठरवलेली असते आणि छपराचा तीव्र उतार बर्फ साचू नये म्हणून दिलेला असतो. हुबळी-धारवाडात शेडची परीक्षा घेतात ती येथील माती, वळवाचा वारा आणि ऊन, त्यामुळे आराखड्याची निवड या तिघांपासूनच सुरू व्हायला हवी.

शेड हलकी असते, तेव्हा तिला पाया कसाही चालतो, हा सर्वांत रुजलेला आणि सर्वांत महाग पडणारा गैरसमज होय. हुबळीकडे आणि तेथून ईशान्येस नवलगुंदच्या दिशेने पसरलेली जमीन प्रामुख्याने काळी असून कन्नडमध्ये तिला ‘करी मण्णु’ म्हणतात. या मातीतील माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज पापुद्र्यांचे बनलेले असते. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, आणि उन्हाळ्यात ते निघून गेले की आक्रसून तिला भेगा पडतात. जड इमारतीचे वजन या फुगण्याला काही प्रमाणात दाबून धरते, पण पत्र्याच्या शेडमध्ये तेवढे वजनच नसल्याने जमीन तिला सहज उचलते. शिवाय पावसाचे पाणी प्रथम कडांखाली मुरते आणि मधली माती कोरडी राहते, म्हणून फरशी सर्वत्र सारखी न उचलता वाकडी होते, चौकट तिरकी होते आणि दार अडकू लागते. दार रंधून घेतले तरी उन्हाळ्यात जमीन खाली बसताच तेच दार सैल पडते, कारण दोष दाराचा नसून जोत्याखालच्या मातीचा असतो.

धारवाडच्या टेकड्यांवर तांबडी, मुरमाड जमीन आढळते आणि तेथे साधे जोते पुरते. मात्र धारवाडातही काळ्या मातीचे पट्टे असल्याने केवळ शहराच्या नावावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. खात्रीसाठी ‘मुक्त फुगवटा’ चाचणी आहे. वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती एका मोजपात्रात पाण्यात आणि तितकीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नसल्यामुळे दोन्ही पात्रांतील मातीच्या आकारमानातील फरकावरून फुगवटा कळतो. तो ५० टक्क्यांच्या पुढे गेला, तर पाया काळजीपूर्वकच आखावा लागतो.

अशा ठिकाणी वरची काळी माती काढून वाळू भरली की प्रश्न सुटतो, ही समजूतही दुरुस्त करायला हवी. वाळूतून पाणी सहज झिरपते आणि खालच्या काळ्या मातीपर्यंत पोहोचते, म्हणजे ज्याच्यापासून बचाव करायचा त्यालाच वाट मिळते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर दीर्घ संशोधन करून न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा दाबून बसवलेला थर सुचवला, आणि योग्य प्रतीचा मुरूम त्यासाठी वापरता येतो. म्हणून आराखडा निवडताना छपराच्या चित्राआधी जोत्याचा छेद पाहावा : त्यात मुरमाचा दाबलेला थर, भोवती बाहेरच्या बाजूला उतरती फरशी आणि पागोळ्यांचे पाणी दूर नेणारी पन्हळ दाखवलेली आहे का?

पत्र्यावर दगड ठेवले की छप्पर उडत नाही, हा समज गावोगावच्या छपरांवर दिसतो. वारा छपरावरून वेगाने वाहताना वरचा दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढले जाते. दार उघडे असेल तर आत शिरलेला वारा त्याला खालूनही रेटतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे २४ किलो भरतो, तर अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन तेवढ्याच क्षेत्राला जेमतेम चार-साडेचार किलो असते. तीन मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद छपरावर हे बळ पावणेदोनशे किलोंच्या आसपास जाऊ शकते. चार दगड त्याला पुरे पडत नाहीत, उलट तेच खाली कोसळण्याचा धोका असतो. पत्रा वाशांना, वासे खांबांना आणि खांब पायाला जखडलेले असणे हाच खरा उपाय आहे. पत्र्याचे हुक नेहमी पन्हळीच्या उंचवट्यावर बसवावेत, कारण पाणी खोलगट भागातून वाहते. नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिमेच्या अंगाने येतात, म्हणून दार त्या बाजूस नसलेला आराखडा अधिक चांगला. लाकडी खांब मातीत पुरण्याऐवजी जुन्या वाड्यांप्रमाणे दगडी तळखड्यावर उभे करून त्यात जखडले, तर वाळवीलाही थेट वाट मिळत नाही.

उत्तरेची बाजू बारमाही थंड असते, हा समज उत्तर भारतासाठी बराचसा खरा असला तरी १५ अंश २७ कला अक्षांशावरील धारवाडला तो लागू पडत नाही. मेच्या आरंभापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य येथे उत्तरेकडे असतो. याउलट डिसेंबरात २.४ मीटर उंचीच्या भिंतीची सावली दुपारीही उत्तरेकडे सुमारे १.९ मीटर पडते, तेव्हा हिवाळी भाज्यांचे वाफे तेवढे अंतर सोडूनच आखावेत.

परसातल्या शेडला परवानगी लागत नाही, असेही मानले जाते. कर्नाटकच्या १९७६ च्या महानगरपालिका अधिनियमातील इमारतीच्या व्याख्येत शेडचा स्पष्ट उल्लेख असून ती लाकडाची वा धातूची असली तरी व्याख्येबाहेर जात नाही. म्हणून जागा ठरवण्यापूर्वीच महापालिकेत विचारणा करणे इष्ट.

शेड जितकी बंदिस्त तितके सामान कोरडे, हा समज मात्र वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. रात्री गार झालेल्या पत्र्याला आतून पाणी सुटते आणि युरिया हवेतील ओलावा शोषून ढेकूळ बनतो. म्हणून पागोळीखाली समोरासमोर जाळीचे झरोके हवेत. बियाणे तर अशा शेडमध्ये ठेवूच नये. बीजशास्त्रातील ढोबळ नियमानुसार साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सियसने वाढले की बियाण्याचे आयुष्य निम्मे होते, आणि एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालची हवा बाहेरच्या हवेपेक्षा सहज तेवढी तापते. भेंडी-गवारीच्या बियांचा डबा घरातल्या गार, कोरड्या कोनाड्यातच ठेवावा.