पडद्यावरचा धडा

गेल्या वर्षी एका शाळेत चंद्रकलांवर बोलायला गेलो होतो. धडा घरच्या संगणकावर नीट बसवला होता. शाळेतल्या संगणकावर फाइल उघडली, तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ! ३५ मिनिटांच्या तासिकेतली १२ मिनिटे त्यातच गेली. शेवटी एका मुलाने चेंडू आणला, तो खिडकीतून येणाऱ्या उन्हात धरला आणि तास पार पडला.

चूक माझीच होती. मी जुना फाँट वापरला होता. अशा फाँटमध्ये 'क' हा संगणकाच्या लेखी 'क' नसतोच. एखाद्या रोमन अक्षराच्या संकेतांकाला 'क'चे चित्र चिकटवलेले असते. फाँट नसला की चित्र जाते, रोमन अक्षर उरते. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. तिथे फाँट बदलला तर वळण बदलेल, ओळी थोड्या सरकतील, पण 'क' हा 'क'च राहील. तेव्हा सॉफ्टवेअर कोणते, याआधी मजकूर युनिकोडमध्ये आहे ना, हे पाहावे. सोबत त्याच धड्याची पीडीएफ प्रत ठेवावी. तिच्यात हलती चित्रे राहत नाहीत, पण अक्षरे जागची हलत नाहीत.

सॉफ्टवेअरची निवड त्यामानाने सोपी आहे. शाळेत पॉवरपॉइंट असेल तर तेच वापरा. नसेल तर लिबरऑफिसमधले इम्प्रेस मोफत मिळते आणि इंटरनेटशिवाय चालते. गूगल स्लाइड्स हेही मोफत आहे, चार शिक्षकांना मिळून धडा करायला फार सोयीचे. मात्र वर्गात इंटरनेटचा भरवसा नसेल तर फाइल आधी उतरवून घ्यावी. आपल्या कामाला लागणाऱ्या गोष्टी तिन्हींत आहेत. कोणते चांगले यावर शिक्षकखोलीत वाद घालण्यात अर्थ नाही.

पॉवरपॉइंट १९८७ साली आले तेव्हा ते मॅकिंटॉश संगणकापुरते आणि कृष्णधवल होते. ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका छापणे हे त्याचे मुख्य काम. पारदर्शिकेवर कागद झाकून एकेक ओळ उघडी करणारे शिक्षक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. आजचे 'ॲनिमेशन' बहुतेक वेळा तेवढेच करते, फक्त ओळ गिरक्या घेत येते. ती गिरकी काढून टाकावी.

आता रंगांविषयी. गडद निळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे घरी सुरेख दिसतात, वर्गात पुसट होतात. का? प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. 'काळे' म्हणजे जिथे तो प्रकाश टाकत नाही ती जागा, आणि तिथे खिडकीचा उजेड पडतच असतो. समजा, प्रोजेक्टरचा पांढरा प्रकाश १०० भाग आणि पडद्यावर पडणारा खोलीतला उजेड ५० भाग आहे. मग पांढरी जागा १५० आणि काळी ५०, म्हणजे फरक जेमतेम तिप्पट. पडदे ओढून उजेड ५ भागांवर आणला, तर १०५ आणि ५, म्हणजे २१ पट! पण पडदे असलेले वर्ग किती? म्हणून उजेडाच्या खोलीत पांढऱ्यावर काळी, ठळक अक्षरे बरी. हा हिशेब मुलांकडूनच करून घेता येईल.

अक्षर केवढे हवे, तेही मापता येते. वर्गातला पडदा ४ फूट उंच आणि शेवटचा बाक २४ फुटांवर असेल, तर अंतर उंचीच्या ६ पट. घरच्या संगणकाचा पडदा ८ इंच उंच असेल, तर ४८ इंच म्हणजे ४ फूट मागे सरका. तिथून जे वाचता येत नाही, ते शेवटच्या बाकावरूनही वाचता येणार नाही. देवनागरीत वेलांट्या, रफार, जोडाक्षरे असल्याने इंग्रजीच्या मापाने ठेवलेले अक्षर लहानच पडते.

मग मजकूर कमी करावा लागतो, आणि खरी अडचण इथे येते. काय गाळायचे? जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया अवकाशयानाच्या उड्डाणात फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. अभियंत्यांनी नासापुढे मांडलेल्या एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. अगदी तळाशी, बारीक उपमुद्द्यात लिहिले होते की तुकड्याचे अंदाजे आकारमान १९२० घन इंच आहे, तर चाचणीतल्या तुकड्याचे होते ३ घन इंच. ६४० पट! चाचणीवरून काही सांगता येत नाही, हा त्या पानाचा खरा अर्थ शीर्षकात नव्हता. १ फेब्रुवारीला यान परतताना कल्पना चावलासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अपघाताचे कारण ती स्लाइड नव्हे. पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात तिची स्वतंत्र चिकित्सा केली.

म्हणून 'चंद्रकला' असे शीर्षक देण्याऐवजी 'चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो' असे पूर्ण वाक्य लिहावे. खाली एकच चित्र. बाकीचे तोंडाने सांगावे. पडद्यावरचीच वाक्ये आपण मोठ्याने वाचू लागलो, की मुले आपल्या पुढे वाचून संपवतात आणि मग ऐकत नाहीत. आणि चर्चा सुरू झाली की पॉवरपॉइंटमध्ये 'बी' हे बटण दाबा. पडदा काळा होतो, मुलांच्या नजरा आपल्याकडे वळतात. पुन्हा 'बी' दाबेपर्यंत चेंडू हातात घ्यायला मोकळे.